ईव्ह ऑनलाइन सुरू करताय? आधी वेळेचं गणित मांडा

काही गेम तुम्ही बंद केले की तिथेच थांबतात. काही थांबत नाहीत. तुम्ही ऑफिसला गेलात, झोपलात, गणपतीला गावी गेलात तरी तिथलं जग चालूच असतं. आइसलँडच्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी कंपनीने ६ मे २००३ रोजी सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अशा गेममधला माझ्या मते सगळ्यात कस पाहणारा गेम. अंतराळ, जहाजं, व्यापार, राजकारण आणि युद्ध. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच सर्व्हरवर, एकाच विश्वात असतात. त्या सर्व्हरचं नाव ट्रँक्विलिटी आणि तो लंडनमध्ये आहे. सात हजारांहून जास्त ताऱ्यांच्या सिस्टिम आहेत, आणि एका सिस्टिममध्ये झालेला घोळ दुसऱ्या टोकाच्या बाजारात भाव बनून दिसतो.

या गेममध्ये तुम्हाला दोघांना वेळ द्यावा लागतो. एक तुमच्या पात्राला, आणि तो फार लागत नाही. दुसरा माणसांना, आणि तो बराच लागतो. नवीन लोक पहिल्याला घाबरतात आणि दुसऱ्यात बिनधास्त उडी घेतात. मग तीन महिन्यांत थकून गेम सोडतात. तसं होऊ नये म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहितोय. नोकरी, कॉलेज, घर सांभाळून हा गेम वर्षानुवर्षं छान खेळता येतो. सुरुवात तेवढी नीट हवी.

पायरी १: गेम उतरवण्याआधी घड्याळ बघा

ईव्हमध्ये सगळे जण एकच वेळ वापरतात, ‘ईव्ह टाइम’. म्हणजेच यूटीसी. आपल्याकडे त्यात साडेपाच तास मिळवायचे. कागदावर हे लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा, खरंच उपयोगी पडतं.

युरोपातले खेळाडू साधारण ईव्ह टाइम १७ ते २२ मध्ये सर्वांत जास्त असतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा ते पहाटेचे साडेतीन. अमेरिकेतली गर्दी त्यांच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या सकाळी साडेपाचपासून साडेदहापर्यंत. ऑस्ट्रेलिया आणि पूर्व आशियातले लोक आपल्या दुपारी-संध्याकाळी. रोज ईव्ह टाइम ११ वाजता, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, सर्व्हर थोडा वेळ देखभालीसाठी बंद होतो. तेव्हा कुठल्याही मोहिमेत असलात तरी बाहेर पडता.

आता स्वतःला विचारा: आठवड्यात मी खरोखर कोणत्या वेळी मोकळा असतो? रात्री नऊ ते अकरा, असं बहुतेकांचं उत्तर असतं. ही वेळ ऑस्ट्रेलियाची झोपायची आणि युरोपची जेवायची. मोठ्या लढाया नेमक्या तुम्ही आडवे झाल्यावर सुरू होतात. सकाळी लवकर उठणाऱ्याला अमेरिकन खेळाडूंबरोबर जमतं, आणि माझ्या पाहण्यात भारतातले जे लोक टिकले त्यातले बरेच या सकाळच्या वेळेचे आहेत. कारण साधं आहे, ऑफिसला निघायची वेळ झाली की थांबावंच लागतं. रात्रीला अशी कडी नसते.

पिंगची काळजी मात्र नको. मुंबई-पुण्याहून लंडनच्या सर्व्हरपर्यंत जायला-यायला वेळ लागतो आणि शूटिंग गेमवाल्यांना तो आकडा बघून धडकी भरते. पण ईव्हचा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो. तुमचं बटण दहाव्या मिलिसेकंदाला पोहोचलं की दोनशेव्या, बहुतेक वेळा फरक पडत नाही. त्यापेक्षा वीज जाण्याची तयारी ठेवा. लढाईबाहेर असताना कनेक्शन तुटलं तर जहाज आपोआप दूर पळतं आणि थोड्या वेळाने अवकाशातून नाहीसं होतं. पण तुम्ही दुसऱ्या खेळाडूवर नुकताच हल्ला केला असेल तर ते १५ मिनिटं अवकाशातच उभं राहतं, कुणीही येऊन मारावं असं. पावसाळ्यात राउटर इन्व्हर्टरवर हवाच.

पायरी २: पैसे न भरता आत जा

नोव्हेंबर २०१६ पासून ईव्ह फुकट सुरू करता येतो. फुकट खेळणाऱ्याला ‘अल्फा’ म्हणतात, मासिक शुल्क भरणाऱ्याला ‘ओमेगा’. अल्फाला ठरावीक जहाजं आणि ठरावीक कौशल्यंच मिळतात, कौशल्यं निम्म्या वेगाने वाढतात आणि ५० लाख कौशल्यगुणांनंतर फुकटचं शिक्षण थांबतं. एकावेळी एकच अल्फा खातं चालवता येतं. एवढ्या मर्यादेतसुद्धा गेमच्या बहुतेक अंगांची चव घेता येते. पहिला महिना तरी ओमेगा घेऊ नका. शुल्क भरलं की ‘पैसे वाया जातायत’ या भावनेने माणूस रोज लॉगिन करतो, आणि गेम आवडला म्हणून येतोय की पैसे वसूल करायला येतोय हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं.

मित्र आधीपासून खेळत असेल तर त्याच्या आमंत्रणाच्या लिंकवरून खातं उघडा, सुरुवातीलाच जास्तीचे कौशल्यगुण मिळतात. अमार, काल्डारी, गॅलेंटे, मिनमतार यातलं कुठलं साम्राज्य निवडायचं यावर डोकं खपवू नका. पुढे कुणाचीही जहाजं शिकता येतात.

पायरी ३: कौशल्यांची रांग लावायला शिका

ईव्हची सर्वांत सुंदर गोष्ट हीच, असं मला वाटतं. इथे कौशल्य राक्षस मारून वाढत नाही, घड्याळावर वाढतं. तुम्ही रांगेत कौशल्यं लावायची आणि गेम बंद करायचा. शिक्षण चालूच राहतं.

एक उदाहरण नीट बघू. प्रत्येक कौशल्याला पाच पातळ्या. सर्वांत सोप्या गटातल्या कौशल्याला पहिल्या पातळीसाठी २५० गुण लागतात, दुसरीपर्यंत १,४१४, तिसरीपर्यंत ८,०००, चौथीपर्यंत ४५,२५५ आणि पाचवीपर्यंत २,५६,०००. म्हणजे पहिल्या चार पातळ्यांना मिळून जेवढे गुण लागतात त्याच्या चौपटीहून जास्त एकट्या पाचवीला. वेळेत सांगायचं तर ओमेगाला ही पाचवी पातळी साधारण चार-पाच दिवस घेते, अल्फाला त्याच्या दुप्पट. अवघड कौशल्याला याच आकड्यांना दोनाने, पाचाने, आठाने गुणायचं.

आणि त्या पाचव्या पातळीने मिळतं काय? बहुतेक कौशल्यांत प्रत्येक पातळीला सारखाच फायदा, समजा पाच टक्के. तिसऱ्या पातळीला १५ टक्के, चौथीला २०, पाचवीला २५. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी आठवडा घालवायचा की तेवढ्या वेळात चार वेगळी कौशल्यं चौथीपर्यंत न्यायची? नवख्याने नेहमी दुसरं करावं. जुने खेळाडू ज्यांना ‘मॅजिक फोर्टीन’ म्हणतात ती चौदा मूलभूत कौशल्यं आधी तिसरी-चौथीपर्यंत आणा. कुठल्याही जहाजावर बसलात तरी ती कामाला येतात: वीज, प्रोसेसर, कॅपॅसिटर, ढाल, कवच, वेग, वळण, निशाण्याचं अंतर असल्या गोष्टी.

‘२००३ पासून खेळणाऱ्यांना मी कधी गाठणार?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. गाठायची गरजच पडत नाही. एका वेळी एकाच जहाजात बसता येतं आणि त्या जहाजाला लागणारी कौशल्यं मर्यादित असतात. छोट्या फ्रिगेटमध्ये बसलेला वीस वर्षांचा जुना खेळाडू आणि त्याच फ्रिगेटची कौशल्यं पुरी केलेला तुम्ही, तिथे गुणांनी बरोबरीत असता. उरतो तो अनुभव.

म्हणूनच पात्राला फार वेळ द्यावा लागत नाही, असं मी वर म्हटलं. आठवड्यात एक-दोनदा पाच मिनिटं येऊन रांग भरली तरी पात्र वाढत राहतं. अल्फाची रांग जास्त मर्यादित असते, तेवढं लक्षात ठेवा.

पायरी ४: पहिले काही आठवडे एकट्याने फिरा, आणि जहाज गमवा

सुरुवातीचं ट्युटोरियल संपलं की ‘करिअर एजंट’ गाठा. लढाई, खाणकाम-उत्पादन, शोधमोहीम असे वेगवेगळे मार्ग आहेत, सगळे एकेकदा करा. त्यात छोटी जहाजं आणि थोडे इस्क मिळतात. इस्क हे इथलं चलन. खाण खोदायला व्हेंचर, हरवलेले अवशेष शोधायला हेरॉनसारखं फ्रिगेट, एवढ्यावर बरेच दिवस मजेत जातात.

प्रत्येक सिस्टिमला सुरक्षिततेचा आकडा असतो. ०.५ ते १.० म्हणजे हायसेक, ०.१ ते ०.४ लोसेक, ० आणि त्याखाली नलसेक. त्यापलीकडे वर्महोलचा प्रदेश, मार्च २००९ मध्ये आलेला. हायसेकमध्ये कॉन्कॉर्ड नावाचं पोलीस दल असतं. नवखा इथेच फसतो. कॉन्कॉर्ड तुम्हाला वाचवत नाही, मारणाऱ्याला मागून शिक्षा करतं. हल्लेखोराने स्वतःचं स्वस्त जहाज गमवायचं ठरवूनच हल्ला केला, तर पोलीस पोहोचेपर्यंत तुमचं जहाज फुटलेलं असतं.

हे घडतं कसं? जिता हा ईव्हमधला सर्वांत मोठा बाजार. तिथून तुम्ही महागडा माल भरला आणि ऑटोपायलट लावून चहा करायला उठलात. ऑटोपायलट जहाजाला थेट गेटवर, म्हणजे पुढच्या सिस्टिमच्या दारावर, नेत नाही, काही किलोमीटर अलीकडे उतरवतो आणि तिथून ते रांगत गेटकडे जातं. वाटेत उएदामासारखी ०.५ ची सिस्टिम लागते, जिथे पोलिसांना पोहोचायला १.० च्या सिस्टिमपेक्षा जास्त वेळ लागतो. तिथे आधीच कुणीतरी येणाऱ्या जहाजांचा माल स्कॅन करत बसलेलं असतं. जहाज फोडायला लागणाऱ्या खर्चापेक्षा पोटातला माल महाग दिसला की संपलं. उपाय तीनच: माल जास्त असेल तेव्हा ऑटोपायलट बंद, स्वतः गेटवर शून्य अंतरावर वॉर्प (म्हणजे वेगवान झेप), आणि एका खेपेत जहाजाच्या मानाने फार किमती माल भरायचा नाही.

जे गमावणं परवडत नाही ते जहाज उडवू नका, हा इथला पहिला नियम. तो अंगात मुरावा म्हणून एक काम मुद्दाम करा. पाच-सहा स्वस्त फ्रिगेट विकत घ्या आणि एकेक करून लोसेकमध्ये नेऊन लढा. सगळी फुटतील. फुटू द्या. पहिल्या वेळी हात थरथरतात, इतर गेममध्ये तसं होत नाही, कारण तिथे गेलेली गोष्ट परत मिळते. तिसऱ्या-चौथ्या वेळी डोकं शांत राहतं आणि मग समोरचा काय करतोय ते दिसायला लागतं. ज्याने मारलं त्याला चॅटमध्ये ‘गुड फाइट’ लिहा आणि काय चुकलं ते विचारा. बरेच जण मनापासून सांगतात, काही तर नवीन जहाजासाठी इस्कही पाठवतात.

जिताच्या चॅटमध्ये ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणारे मात्र सगळे चोर आहेत. गेममधली फसवणूक नियमात बसते. तक्रार केली तरी पैसे परत मिळत नाहीत.

पायरी ५: कॉर्प निवडा, पण बोलून

एकट्याने खेळून ईव्ह कळत नाही. खेळाडूंच्या गटाला कॉर्पोरेशन म्हणतात, बोलताना कॉर्प, आणि कॉर्प मिळून अलायन्स. खरा गेम इथे सुरू होतो. माणसांना द्यायचा वेळही इथूनच सुरू होतो, म्हणून या पायरीवर घाई करू नका.

लोक इतके का गुंततात ते समजायला २७ जानेवारी २०१४ ची गोष्ट पुरेशी आहे. बी-आर५आरबी नावाच्या नलसेक सिस्टिमच्या मालकीचं बिल भरायचं राहिलं, मालकी सुटली आणि शत्रू चालून आला. सुमारे २१ तास लढाई चालली. साडेसात हजारांहून जास्त खेळाडू तिच्यात आले. टायटन या सर्वांत मोठ्या वर्गातली ७५ जहाजं फुटली, ज्यातलं एकेक बांधायला अनेकांची महिन्यांची मेहनत लागलेली असते. एका बिलापायी. अशा जगात कुणीतरी बिल भरतं, कुणीतरी इंधन भरतं, कुणीतरी पहाटे पहारा देतं. हे सगळं माणसं फुकट, एकमेकांसाठी करतात. मला या गेमबद्दल जे प्रेम वाटतं ते यासाठी. पण त्या यंत्रणेत तुमची जागा कोणती हे तुम्ही ठरवलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवतं.

भरती करणाऱ्याशी बोलताना हे विचारा. तुमच्याकडे माझ्या वेळेला किती लोक असतात? लढाईला हजेरी सक्तीची आहे का, महिन्याला किती वेळा? कॉर्पची स्टेशनं कोणत्या वेळेला धोक्यात येतात? हा शेवटचा प्रश्न नवखा कधीच विचारत नाही, आणि तोच महत्त्वाचा. ईव्हमध्ये स्टेशनवर हल्ला झाला की ते लगेच पडत नाही. ते काही काळ अभेद्य होतं आणि बचाव करणाऱ्याने आधी निवडलेल्या वेळेच्या आसपास पुन्हा उघडं पडतं. म्हणजे कॉर्पने युरोपची संध्याकाळ निवडली असेल तर तुमची प्रत्येक महत्त्वाची लढाई मध्यरात्रीनंतर. आठवड्यात दोन रात्री अशा जाणार असतील तर ती कॉर्प कितीही चांगली असो, तुमच्यासाठी नाही.

त्यातच ‘टायडी’ म्हणजे टाइम डायलेशन. एका सिस्टिममध्ये फार लोक जमले की सर्व्हर वेळ हळू करतो, अगदी दहा टक्क्यांपर्यंत. सहा मिनिटांचं काम तासभर चालतं. ‘एक लढाई खेळून झोपतो’ असं अशा रात्री होत नाही. मोठी लढाई असेल तर आधीच कळवा: मी अमुक वाजेपर्यंत आहे, मग निघणार. चांगला फ्लीट कमांडर, म्हणजे जहाजांच्या ताफ्याचा प्रमुख, याचा मान ठेवतो. जो ठेवत नाही त्याच्याबरोबर पुन्हा जाऊ नका.

बहुतेक कॉर्प प्रवेशाआधी तुमच्या पात्राची माहिती बघायची परवानगी मागतात. हेरगिरी इथे जुनी आहे. २००५ मध्ये एका गटाने महिनोन्महिने आतले होऊन एक मोठी कॉर्प लुटली होती, २००९ मध्ये एका संचालकाने बाजू बदलून त्या काळची बलाढ्य अलायन्सच विसर्जित केली होती. त्यामुळे मागणी रास्त आहे. ही परवानगी सीसीपीच्या अधिकृत लॉगिन पानावरूनच द्यायची. पासवर्ड कुणालाही नाही, कधीही नाही.

इंग्रजी बोलायचा संकोच वाटून बरेच मराठी खेळाडू मागे राहतात. फ्लीटमध्ये बोलावं लागत नाही, ऐकावं लागतं. माइक बंद ठेवा. कमांडरने हजेरी मागितली की चॅटमध्ये एक्स हे एक अक्षर टाकायचं. अलाइन, वॉर्प, जंप, अँकर, होल्ड, प्रायमरी: हे सहा शब्द कळले की पहिली फ्लीट पार पडते. शिकवणारी कॉर्प हवी असेल तर २००४ पासून चालू असलेली ईव्ह युनिव्हर्सिटी आहे. सदस्य नसलात तरी तिची विकी वाचा, नवख्यासाठी तिच्याइतकं चांगलं साहित्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि पद घेऊ नका. चार महिने नीट वागलात की कुणीतरी विचारेल, ‘इंधनाचं बघशील का? भरतीचं बघशील का?’ मान मिळाल्याचा आनंद होतो आणि तोंडातून हो निघतं. पहिलं वर्ष नाही म्हणा. घ्यायचंच असेल तर मुदतीने घ्या, दिवाळीपर्यंत बघतो, मग दुसऱ्याला द्या, असं.

पायरी ६: प्लेक्सच्या मागे धावू नका

ओमेगाचं शुल्क २०२२ मध्ये महिन्याला १५ डॉलरवरून जवळपास २० डॉलर झालं. आपल्या खिशाला ते जड आहे, म्हणून लोक दुसरा रस्ता बघतात. प्लेक्स नावाची वस्तू गेममधल्या इस्कने विकत घ्यायची आणि ५०० प्लेक्सवर ३० दिवसांचा ओमेगा मिळवायचा. नियमात बसतं. पण हिशेब करा. ५०० प्लेक्सला काही अब्ज इस्क लागतात. तीन अब्ज धरा, आणि नवख्याची कमाई तासाला दोन कोटी धरा. दीडशे तास. महिनाभर रोज पाच तास, फक्त शुल्क भरण्यासाठी, खेळायचं अजून बाकीच. त्यापेक्षा अल्फा राहा, किंवा आवडत्या दोन-तीन महिन्यांपुरता ओमेगा घ्या आणि इतर वेळी सोडा. मिळवलेली कौशल्यं जात नाहीत. ओमेगाची कौशल्यं फक्त तेवढा काळ कुलूपबंद राहतात.

बाहेरच्या साइटवरून रुपये देऊन स्वस्तात इस्क घेऊ नका. ते नियमाविरुद्ध आहे, खातं जातं.

पायरी ७: सुट्टी घ्यायची पद्धत

परीक्षा येते, घरात लग्न निघतं, बाळ होतं. या गेममधून महिनोन्महिने बाजूला होणं अगदी शक्य आहे, फक्त जाण्याआधी अर्धा तास द्या.

कॉर्पला दोन ओळींचा निरोप ठेवा, परतायची अंदाजे तारीख लिहा. कारण सांगायची गरज नाही. हातातल्या चाव्या, म्हणजे गोदामाचे अधिकार, बिलं, चालू सौदे, कुणाकडे तरी सोपवा. मग सामान आवरा. खेळाडूंनी बांधलेल्या स्टेशनमध्ये ठेवलेला माल ते स्टेशन फुटलं तरी सहसा सुरक्षित राहतो, पण तो सोडवून घ्यायला दंड भरावा लागतो आणि वाट बघावी लागते. वर्महोलमध्ये तेही संरक्षण नाही, स्टेशन फुटलं की माल गेला. म्हणून किमती जहाजं हायसेकमधल्या गेमच्या स्वतःच्या स्टेशनात आणून ठेवा. ती कुणाला फोडता येत नाहीत. पात्रही तिथेच डॉक करा. ओमेगा चालू असेल तर रांगेत लांबलचक पाचव्या पातळ्या भरा, सुट्टी त्यांच्यासाठीच असते.

परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी जुनं महागडं जहाज काढू नका. नियम बदललेले असतात, भाव बदललेले असतात, तुमची बटणं बोटांना आठवत नसतात. कॉर्पच्या चॅटमध्ये ‘आलो’ म्हणून कळवा, एक स्वस्त फ्रिगेट घ्या आणि कुणाबरोबर तरी जवळच्या लोसेकमध्ये चक्कर मारून या.